फर्ग्युसन टीई-२०: रंग बघू नका, प्लेट वाचा

फर्ग्युसन टीई-२० दुर्मिळ नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाख सतरा हजारांहून जास्त ट्रॅक्टर बनवले. शेवटचा नंबर ५१७६५१. त्यातले असंख्य अजून चालतात, स्पेअर मिळतात, दुरुस्ती करणारे हातही मिळतात. त्यामुळे जाहिरातीत 'दुर्मिळ विंटेज फर्गी' असं वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणता? टीई-२० या एका नावाखाली डझनाहून जास्त प्रकार आहेत आणि किमतीचा सगळा खेळ त्या प्रकारांवर चालतो. ट्रॅक्टर म्हणून हे यंत्र अव्वल आहे. संग्रहासाठी घ्यायचं असेल तर मात्र दहातले आठ 'छान, पण साधे' या वर्गात मोडतात. साध्या ट्रॅक्टरला साधीच किंमत द्यावी, एवढंच आमचं म्हणणं.

आपल्याकडे मॅसी १०३५ चालवलेल्या माणसाला हा ट्रॅक्टर बघताच ओळखीचा वाटेल, आणि ते नातं खरंच आहे. टीई-२० नंतर १९५६ मध्ये एफई-३५ आला, त्याचाच पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ झाला, आणि चेन्नईच्या टाफेने १९६० च्या दशकापासून भारतात जी मॅसीची परंपरा चालवली तिचं मूळ याच घराण्यात आहे. तीन पॉइंटची लिंकेज, टॉप लिंकचा दाब ओळखून नांगर आपोआप वरखाली करणारी हायड्रॉलिक, ही हॅरी फर्ग्युसनची देणगी आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसते. पण सवयीने फसू नका. टीई-२० ला फक्त ड्राफ्ट कंट्रोल आहे, पोझिशन कंट्रोल नाही. लिव्हर मध्ये ठेवला आणि अवजार हव्या त्या उंचीवर थांबलं नाही, म्हणजे हायड्रॉलिक बिघडली असं नव्हे. ती सोय पुढे एफई-३५ मध्ये आली. पीटीओचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर अवजार फिरवणारा, शाफ्टही आजच्यासारखा १⅜ इंची नाही, १⅛ इंची आहे. आजचं अवजार जोडायचं तर अ‍ॅडॉप्टर लागतो.

आता प्लेट. डॅशवर एक छोटी धातूची प्लेट असते, तिच्यावर अक्षरं आणि नंबर. अक्षरांवरून इंजिन आणि ट्रॅक्टरची रुंदी कळते, नंबरवरून साल. सगळ्या प्रकारांना नंबरांची मालिका एकच होती, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींशी ताडून बघता येतात. ही पडताळणी दोन मिनिटांची आहे आणि बहुतेक खरेदीदार तीच करत नाहीत.

नुसतं टीई-२० लिहिलेलं असेल, तिसरं अक्षर नसेल, तर तो सुरुवातीचा, अमेरिकेहून आणलेल्या कॉन्टिनेन्टल झेड-१२० इंजिनाचा ट्रॅक्टर. टीईए म्हणजे स्टँडर्डचं स्वतःचं पेट्रोल इंजिन. टीईडी म्हणजे ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल, म्हणजे टीव्हीओ या घासलेटासारख्या इंधनावर चालणारा. टीईएफ म्हणजे डिझेल. टीईएच म्हणजे दिव्याच्या तेलावर चालणारा. टीईबी, टीईसी आणि टीईई हे अरुंद चाकोरीचे. टीईके, टीईएल आणि टीईएम द्राक्षमळ्याचे, लहान चाकांचे आणि अंगाने आणखी बारीक. टीईपी, टीईआर, टीईएस आणि टीईटी हे औद्योगिक, कारखान्यात आणि रस्त्यावर ओढकामाला.

नंबरांचं गणित असं: १९४६ मध्ये १ ते ३१५. १९४७ ची सुरुवात ३१६ ला, १९४८ ची २०८९५ ला, १९४९ ची ७७७७३ ला, १९५० ची ११६५५१ ला, १९५१ ची १६७९२३ ला, १९५२ ची २४१३३६ ला, १९५३ ची ३१०७८० ला, १९५४ ची ३६७९९९ ला, १९५५ ची ४२८०९३ ला आणि १९५६ ची ४८८५७९ ला.

आता ताडून बघा. डिझेलचा टीईएफ १९५१ मध्ये आला. प्लेटवर टीईएफ आणि नंबर ९५ हजारांचा असेल, तर ती प्लेट त्या ट्रॅक्टरची नाही. टीव्हीओचा टीईडी १९४९ चा, म्हणजे त्याचा नंबर ७७ हजारांच्या आत असू शकत नाही. तिसरं अक्षर नाही आणि नंबर दोन लाखांच्या पुढे, तर अक्षरं कुणीतरी अर्धवट कोरली आहेत. नव्या कोऱ्या प्लेटा बाजारात विकत मिळतात, त्यावर हवा तो नंबर ठोकता येतो, आणि ते बेकायदा नाही. जुनी प्लेट सडली म्हणून लोक प्रामाणिकपणे नवी लावतात. तेव्हा नवी प्लेट दिसली की लगेच चोर म्हणू नका, पण 'आधीची कुठे आहे?' हे विचाराच. रिव्हेट बघा. आजूबाजूचा रंग सत्तर वर्षांचा आणि रिव्हेट मात्र कालचे चकचकीत, हे सहज डोळ्यांत भरतं. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर वेगळा ठोकलेला असतो. तो प्लेटच्या नंबराशी जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही, दोन्ही मालिका वेगळ्याच आहेत.

प्लेटवरून प्रकार कळला, आता प्रत्यक्ष इंजिन त्याच प्रकारचं आहे का ते बघायचं. आयुष्यभर शेतात राबलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन एकदा तरी बदललेलं असण्याची शक्यता मोठी. सर्वांत सर्रास झालेला बदल म्हणजे तीन सिलिंडरचं पर्किन्स पी-३ डिझेल बसवणं. कामाला तो उत्तम. पण टीईए प्लेटच्या ट्रॅक्टरमध्ये पी-३ असेल तर त्याला टीईए म्हणून पैसे मोजू नका. जुनं पर्किन्स रूपांतर म्हणून त्याचे वेगळे शौकीन आहेत, तो हिशेब निराळा. कॉन्टिनेन्टलच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. त्या पहिल्या ट्रॅक्टरांची सगळी किंमत त्या इंजिनात आहे. ते जाऊन स्टँडर्डचं बसलं असेल तर कमी नंबरचा मान तेवढा उरतो, बाकी तो साधा टीईए.

स्टँडर्डच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आधी ८० मिलिमीटर होता, म्हणजे १८५० सीसी. १९५१ मध्ये तो ८५ मिलिमीटर झाला, २०८८ सीसी. स्ट्रोक दोन्हीकडे ९२. याच घराण्याचं इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीत आणि पुढे ट्रायम्फ टीआर-२ मध्येही होतं, म्हणून त्याचे जाणकार मिस्त्री ट्रॅक्टरवाल्यांपुरते मर्यादित नाहीत. १९४८ च्या नंबरात ८५ चं इंजिन सापडलं तर ते नंतर बसवलेलं. चालवायला जास्त दमदार, संग्राहकाला कमी किमतीचं.

या इंजिनाला ओल्या स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळकांडी) आहेत. म्हणजे स्लीव्हच्या बाहेरून थेट पाणी फिरतं आणि खाली आठाच्या आकड्यासारखं गॅस्केट पाण्याला सम्पपासून, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यापासून, अडवतं. गॅस्केट गेलं, किंवा स्लीव्हची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा पुरेशी उंच राहिली नाही, की पाणी तेलात उतरतं. बघायची रीत सोपी आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल तर सम्पचा ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करा, काढू नका. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे तळाशी साठलेलं तेच आधी गळेल. थेंब स्वच्छ पाण्याचे आले तर किंमत बोलायच्या आधी इंजिन पूर्ण खोलण्याचा खर्च मनात धरा. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तर तो रोग बराच पुढे गेलेला.

ब्रिटनच्या थंडीत आणखी एक गोष्ट होते, जी आपल्याकडच्या मिस्त्रीच्या ध्यानात चटकन येणार नाही. हिवाळ्यात पाणी काढायचं राहिलं की ते गोठून ब्लॉकची बाजू फोडतं. मग कुणी त्यावर वेल्ड मारतो, कुणी इपॉक्सी भरतो, वरून करडा रंग. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंवर बोटं फिरवा. ओतीव बिडाचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा खरखरीत लागायला हवा. आडवी, गुळगुळीत पट्टी हाताला लागली तर तिथे दुरुस्ती आहे. नवा जाड रंग असलेल्या ट्रॅक्टरवर आमचा पहिला संशय इथेच असतो.

सुरू करायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. इंजिन थंड असायलाच हवं. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेला ट्रॅक्टर काहीतरी लपवतो. इग्निशन बंद ठेवून हँडलने हळूहळू फिरवा: चारही सिलिंडरांवर सारखाच जोर लागला पाहिजे. एका ठिकाणी हँडल सैल गेलं तर तिथला व्हॉल्व्ह किंवा रिंग गेली. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका आला तर मनगट वाचतं.

सेल्फ मारायची पद्धतही निराळी आहे. वेगळं बटण नाही. गिअरचा दांडा 'एस' खुणेवर नेला की सेल्फ लागतो, त्यामुळे गिअरमध्ये असताना चुकून सुरू होत नाही. हे मूळ सुरक्षा-कुलूप पुष्कळ ट्रॅक्टरांत निकामी होऊन त्याजागी डॅशवर साधं बटण बसवलेलं दिसतं. संग्राहकासाठी ती वजाबाकी. चालवणाऱ्यासाठी तो धोका, कारण आता गिअरमध्येही सेल्फ लागतो.

टीव्हीओच्या ट्रॅक्टरची परीक्षा वेगळी. त्याच्या टाकीत दोन कप्पे: लहान पेट्रोलचा, मोठा टीव्हीओचा. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन पुरतं तापलं की नळ बदलायचा. मॅनिफोल्डवर उष्णता धरून ठेवणारं पत्र्याचं आवरण असतं. थंड इंजिनावर टीव्हीओ दिला तर तो नीट वाफ होत नाही, स्लीव्हवरून खाली सम्पमध्ये झिरपतो आणि तेल पातळ करतो. मग बेरिंगा खातात. डिपस्टिकवर तेल 'फुल'च्याही वर असेल आणि घासलेटचा वास येत असेल, तर तेल वाढलेलं नाही, त्यात इंधन मिसळलंय. आता पंपावर टीव्हीओ मिळत नाही. शौकीन घासलेट आणि पेट्रोल मिसळून काम भागवतात, किंवा सरळ पेट्रोलवरच चालवतात. टीईडीवर ते आवरण आणि दोन कप्प्यांची टाकी शाबूत असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही, कारण पेट्रोलवर वळवताना लोक पहिल्यांदा तेच काढून टाकतात.

डिझेलचं फ्रीमन सँडर्स इंजिन (२०९२ सीसी) मनमिळाऊ नाही. थंडीत सुरू व्हायला कुरकुर करतं, म्हणूनच त्याला ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दिलाय. भाग पेट्रोलच्या मानाने महाग आणि शोधावे लागतात. सकाळच्या गारठ्यात, ईथरचा फवारा न मारता सुरू होणारा टीईएफ बघायला मिळाला तर तो चांगला आहे असं बिनधास्त समजा. विक्रेत्याच्या हातात फवाऱ्याचा डबा दिसला तर उलट समजा.

हायड्रॉलिकची तपासणी करताना पंप कधी चालतो ते आधी माहीत हवं. पंप मागे तेलात बुडालेला आहे, चार पिस्टनचा, आणि तो पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर घातल्याशिवाय आणि क्लच सोडल्याशिवाय लिफ्ट उचलतच नाही. इथे 'लिफ्ट बंद आहे, स्वस्तात घ्या' असं म्हणणारे आणि 'चालत नाही' म्हणून परत जाणारे, दोघेही फसतात. मागे एखादा नांगर लावा, उचला आणि लिव्हर वर ठेवून थांबा. लिफ्ट दर काही सेकंदांनी मान डोलावत असेल, जरा खाली, पुन्हा वर, तर तेल कुठेतरी परत झिरपतंय: पिस्टनची रिंग, पंपाचे व्हॉल्व्ह किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. मग इंजिन बंद करा. नांगर सावकाश उतरला तर झीज आहे पण चालण्यासारखी. धपकन बसला तर वरचं कव्हर उतरवून काम करावं लागेल. तेल बघायला विसरू नका. गिअरबॉक्स, पंप आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच तेलात आहेत. गिअर-दांड्याच्या फाटक्या रबरातून वर्षानुवर्षं पावसाचं पाणी शिरतं आणि ते तेल ताकासारखं होतं. असं तेल असलेल्या ट्रॅक्टरच्या बेरिंगा आणि पंप दोन्ही संशयित.

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय आणि तेल ब्रेकच्या लायनरवर चढलंय. ब्रेक-ड्रम उघडाल तेव्हा हवेच्या प्रेशरने धूळ उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

टायर मागे १०-२८, पुढे ४.००-१९. मागच्या रिमवर व्हॉल्व्हच्या भोवती बघा. ओढ वाढावी म्हणून टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायची पद्धत होती, आणि ते झिरपलं की रिम आतून खातं. वरून रंगवलेली रिम टोचणीने टोचली की कळतं. स्टिअरिंगला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र आडवे रॉड आहेत, मध्ये टाय रॉड नाही. पुढचं चाक धरून हलवा: खेळ किंगपिनच्या बुशमध्ये आहे की पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनमध्ये, हे दुसऱ्या माणसाला खाली बसवून बघितलं तरच समजतं.

पत्रा आणि रंग हा विषय आम्ही मुद्दाम मागे ठेवला. मूळ टीई-२० नखशिखान्त करडा: बोनेट, इंजिन, चाकं, सगळं. लाल चाकं, लाल इंजिन, सोनेरी इंजिन ही नंतरच्या मॉडेलांची किंवा कुणाच्या तरी हौसेची चिन्हं. मॅसीच्या काळात कित्येक करडे ट्रॅक्टर लाल रंगवले गेले. मडगार्डच्या आतल्या बाजूला, डॅशच्या मागे, जिथे कुणी ब्रश नेत नाही, तिथे खरा रंग सापडतो. झिजलेला पण मूळ करडा रंग, पातळ झालेलं बोनेट, मूळ 'फर्ग्युसन सिस्टिम'चा बिल्ला: असा ट्रॅक्टर नव्या कोऱ्या आरशासारख्या चकचकीत रंगाच्या ट्रॅक्टरपेक्षा आम्ही वर ठेवतो. रंग कधीही मारता येतो, मूळ रंग परत आणता येत नाही. बोनेट पुढच्या बाजूला, ग्रिलसकट, पुढे झुकून उघडतं. अमेरिकन फोर्ड ९एन दिसायला सख्ख्या भावासारखा आहे, पण त्याचं बोनेट असं उघडत नाही, इंजिन साइड व्हॉल्व्हचं आणि गिअर तीनच. टीई-२० ला चार. दोघांचा बाप एकच, १९३८ मध्ये फोर्ड आणि फर्ग्युसन यांच्यात झालेला तोंडी करार. पुढे त्यावरून कोर्टात गेलं आणि १९५२ मध्ये फोर्डला ९२.५ लाख डॉलर मोजावे लागले.

अंटार्क्टिकाचा विषय निघणारच. एडमंड हिलरी आणि त्याचे साथीदार ४ जानेवारी १९५८ रोजी पट्टे बसवलेल्या फर्ग्युसनांवर दक्षिण ध्रुवावर पोचले. त्यामुळे पट्ट्यांचा मूळ संच ही फार मागणी असलेली चीज आहे. पण 'हिलरीसारखा' सजवलेला ट्रॅक्टर आणि पट्ट्यांचा खरा जुना संच यांत जमीन-अस्मानाचा फरक. संच वेगळा तपासा, ट्रॅक्टर वेगळा.

हेच अवजारांना लागू. फर्ग्युसनचा मूळ नांगर, ट्रेलर, लोडर, यांच्यावरही कंपनीची प्लेट असते. एका ट्रॅक्टरपेक्षा त्याच्यासोबत मिळणारी दोन-तीन मूळ अवजारं कधीकधी जास्त मोलाची निघतात, आणि विक्रेत्याला ते बहुधा ठाऊक नसतं. फर्ग्युसनचा तो इंचांच्या खुणा असलेला पाना सोबत असेल तर नक्की मागून घ्या. त्याच एका पान्याने नांगर लावायचा आणि टाकीतलं इंधनही मोजायचं.

मग कोणता घ्यावा? पहिलाच घेणार असाल तर १९५१ नंतरचा टीईए, ८५ बोअरचा, चालता आणि न रंगवलेला. टिकतो, दुरुस्त होतो, विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळतं. गुंतवणूक म्हणून तो नका घेऊ. संग्राहकाची नजर असेल तर मूळ कॉन्टिनेन्टल इंजिनाचा १९४६-४७ चा, किंवा द्राक्षमळ्याचा टीईके, टीईएल. औद्योगिक प्रकारात मूळ मडगार्ड, दिवे, हॉर्न आणि बंपर नसतील तर तो फक्त प्लेटपुरता औद्योगिक आहे आणि तसाच भाव लावा. टीईडी भरपूर मिळतात, तिथे घाई करायचं कारण नाही. बंद पडलेला, 'थोडं काम केलं की चालेल' म्हणून सांगितलेला साधा टीईए मात्र टाळा: मागचे दोन टायर, स्लीव्ह-पिस्टनचा संच, पत्रा आणि मजुरी यांचं बिल तयार ट्रॅक्टरच्या किमतीच्या पुढे जातं.

कागद शेवटी, पण पैसे देण्याआधी. ब्रिटनमधला व्ही५सी हा वाहननोंदणीचा कागद मालकीचा पुरावा नव्हे, त्यावर फक्त नोंदणीकृत वाहनधारकाचं नाव असतं. त्यातला नंबर आणि डॅशवरची प्लेट जुळते का बघा, विक्रीची सही केलेली पावती घ्या. जुनं लॉगबुक, पहिल्या डीलरचं बिल, जुन्या नोंदणीचा क्रमांक यांतलं काही मिळालं तर त्याचा फोटो काढून ठेवून मूळ कागद ट्रॅक्टरसोबतच ठेवा. जुना नंबर हरवल्यावर वयानुसार दिलेला नोंदणी क्रमांक दुसऱ्या वाहनावर नेता येत नाही, म्हणून 'नंबरच केवढ्याचा आहे बघा' असं कुणी म्हणालं तर तो मूळचा की नंतर मिळालेला, हे आधी विचारा.